चहाच्या रोपाला रोज चुना लागतोय

धायरीतल्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मुन्नारहून चहाची चार रोपं घेऊन आल्या. बाकी सगळे तिथून वेलदोडे आणि चॉकलेटं आणतात. यांनी रोपं आणली, तीही परतीच्या प्रवासभर मांडीवर धरून. गॅलरीत चार मोठ्या कुंड्या मांडल्या, गुरुत्वाकर्षणावर चालणारा छोटा ठिबक संच बसवला आणि पाण्यातूनच खत द्यायला सुरुवात केली. पाच महिन्यांत कोवळी पानं पिवळी पडली. दुकानदार म्हणाला, ‘नत्र कमी पडतंय.’ मग १९:१९:१९ हे मिश्र खत चालू झालं. पानं आणखी पिवळी. तेव्हा मला बोलावणं आलं.

‘भाऊजी, तुम्ही आयुष्यभर द्राक्षबागांना ठिबक बसवलंत ना? मग ह्या चार कुंड्या बघा की!’

आता चहा आणि पुणे यांचा संबंध अमृततुल्यापुरता. महाराष्ट्रात चहाच्या बागा जवळपास नाहीत आणि त्याला कारणं आहेत. पण जुन्नर-नारायणगावकडच्या द्राक्षांत तीस वर्षं घातल्यावर एवढं कळलेलं असतं की ठिबकमधून खत सोडण्याचं शास्त्र पिकागणिक बदलत नाही. पिकाचा स्वभाव बदलतो. चहाचा स्वभाव द्राक्षाच्या अगदी उलटा आहे. त्या चार कुंड्यांच्या निमित्ताने तो नीट मांडता येईल असं वाटलं.

आधी पिवळेपणाकडे बघू. नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्याला देतं, म्हणून आधी खालची, जून पानं फिकी होतात. वहिनींच्या रोपांत खालची पानं गडद हिरवी होती आणि शेंड्याची पिवळी. त्यातही शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, जणू कुणी हिरव्या शाईने जाळी काढलीये. हे लोह कमी पडल्याचं लक्षण. लोह झाडात एकदा एका पानात बसलं की सहसा हलत नाही, म्हणून उपास घडतो तो नव्या पानाला.

कुंडीच्या काठावर पांढरा थर होता. मी नखाने थोडा खरवडला, बशीत घेतला आणि त्यावर अर्धं लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे आले, कानाशी धरलं तर सुस्स आवाजही. वहिनी म्हणाल्या, ‘हे तर इनो झालं.’

ते इनो नव्हतं, चुना होता. आणि तो कुणी दुकानदाराने लावलेला नव्हता, रोज सकाळी नळातून येत होता.

चहाचं झाड आम्लधर्मी मातीतलं. मातीचा सामू (पीएच) साधारण ४.५ ते ५.५ असला की ते खूश. आपली पुण्याकडची काळी माती बेसॉल्टची, तिचा सामू बहुतेक ठिकाणी ७.५ ते ८.५ आणि खाली चुनखडीचे खडे. सामू हा आकडा लहान दिसतो, पण त्याची पायरी दहापटीची असते. ५ आणि ८ यांत तीनचा नव्हे, हजारपटीचा फरक आहे. आम्ल मातीत लोह, मँगनीज आणि ॲल्युमिनियम पाण्यात सुटी होतात. ॲल्युमिनियम बहुतेक पिकांच्या मुळांना विषासारखं, पण चहा ते आरामात शोषतो आणि जुन्या पानांत साठवून ठेवतो. थोडं ॲल्युमिनियम मिळालं तर मुळं उलट जोमाने वाढतात. अशा झाडाला चुनखडीच्या मातीत बसवायचं म्हणजे मालवणच्या माणसाला मासे बंद करण्यासारखं आहे. जगेल, पण चेहऱ्यावर दिसेल.

हे मातीचं झालं. पण वहिनींनी माती लाल आणली होती, कोकणातली, आम्ल. निदान तीन कुंड्यांत. चौथीत माती कमी पडली म्हणून सोसायटीच्या बागेतली काळी घातली होती. तरी चारही पिवळी. म्हणजे दोष पाण्यात.

पाणी रिकामं येत नाही

ठिबकमधून खत देणं म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे टाकी येते, त्यात खत विरघळवायचं, व्हेंचुरीने (दाबाच्या फरकावर खत ओढणाऱ्या नळीने) पाइपात सोडायचं. सगळं लक्ष आपण काय मिसळतो यावर. पण पाण्यात आपण हात घालायच्या आधीच कुणीतरी काहीतरी मिसळलेलं असतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतलं पाणी सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं, ते मऊ असतं. बोअरचं पाणी मात्र बेसॉल्टच्या भेगांतून वर्षानुवर्षं मुरत आलेलं, त्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट विरघळलेलं. गिझरच्या कॉइलवर चढतो तो पांढरा थर हेच. आमच्या सोसायटीत प्यायला महापालिकेचं पाणी, बाकी वापराला बोअर आणि उन्हाळ्यात टँकर. गॅलरीतला नळ अर्थातच बोअरचा.

पाण्याच्या तपासणीत ‘अल्कलिनिटी’ नावाची एक ओळ असते, म्हणजे आम्ल मारायची पाण्याची ताकद. बहुतेक जण टीडीएस बघतात आणि ही ओळ सोडून देतात. चहासाठी खरी बघायची तीच. ती कॅल्शियम कार्बोनेटच्या, म्हणजे चुनखडीच्या हिशोबात लिहिलेली असते, त्यामुळे गणित सोपं होतं. समजा आकडा लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे. एका कुंडीला रोज दीड लिटर पाणी दिलं, तर रोज ०.४५ ग्रॅम चुना गेला. पावसाळ्याचे चार महिने सोडून २४० दिवस धरा, झाले १०८ ग्रॅम. कुंडीत माती १५ किलो. मुठीत मावणारी ही चुन्याची पुडी आपण दरवर्षी चहाच्या मुळाशी पुरतोय, थेंबाथेंबाने, आणि वर म्हणतोय की खत कमी पडतंय.

माणसाला चुना लागला की निदान कळतं तरी.

गंमत अशी की चहाला चुना कपातही आवडत नाही. बोअरच्या पाण्यात बिनदुधाचा चहा करून दोन मिनिटं ठेवा. वर तेलकट, चमकदार पापुद्रा येतो. कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि चहातली पॉलिफेनॉल्स यांची ती साय. मऊ पाण्यात ती जवळपास येत नाही.

अजून एक, हे खास शहरी. आरओचं टाकाऊ पाणी झाडांना घालायची चांगली सवय पुण्यात घरोघरी आहे. जास्वंदीला ठीक. पण ते पाणी म्हणजे मूळ पाण्यातला चुना आणि क्षार कमी पाण्यात कोंबलेले. बोअरच्या पाण्यावर आरओ असेल तर त्याचं टाकाऊ पाणी चहाला घालू नका. त्यापेक्षा एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी सोनं आहे, ते जवळजवळ पावसाचंच पाणी. फक्त पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये ते फार निघत नाही, हीच पंचाईत.

मग चुना मारायचा कसा? पहिला सुचतो तो उपाय म्हणजे पाण्यात लिंबू पिळा किंवा सायट्रिक ॲसिड टाका. तात्पुरता सामू उतरतो, कागदाची पट्टी छान रंग दाखवते. पण मातीतले जिवाणू सायट्रिक ॲसिडचा भाग खाऊन टाकतात आणि शेवटी बायकार्बोनेट बऱ्याच अंशी परत येतं. मोठ्या बागांत सल्फ्युरिक किंवा फॉस्फोरिक ॲसिड मोजून वापरतात. ती कायमची चुना मोडतात, पण गॅलरीत, लहान मुलं असलेल्या घरात त्यांचं नावही काढू नये. बागेतही नियम एकच: ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

घरी परवडणारा उपाय म्हणजे मऊ पाणी. महापालिकेचं पाणी पिंपात काढून घ्या, पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी साठवा. त्याने गणित कसं बदलतं ते पुढे येतंय, कारण त्यात खताचाही हात आहे.

थोडं थोडं, रोजच्या जेवणासारखं

आंबा वर्षातून एकदा तोडतात, द्राक्षही तसंच. चहाची तोडणी मात्र हंगामात दर सात ते चौदा दिवसांनी होते. दोन पानं एक कळी खुडायची, पुन्हा फुटवा, पुन्हा खुडणी. आणि जो भाग खुडतो तो झाडाचा सगळ्यात कसदार भाग. साधारण साडेचार किलो ओल्या पानांपासून एक किलो तयार चहा होतो, आणि त्या किलोभर चहात चाळीसेक ग्रॅम नत्र असतं. पालाश (पोटॅश) त्याच्या निम्म्याच्या आसपास, स्फुरद (फॉस्फेट) तर जेमतेम सात-आठ ग्रॅम.

या दोन वाक्यांत खताचं अर्धं शास्त्र आलं. एक म्हणजे झाडाचं देणं दर आठवड्याला थोडं थोडं जातं, तर घेणंही तसंच हवं. वर्षातून दोनदा मूठभर खत टाकणं म्हणजे महिन्याभराचं जेवण एका दिवशी वाढण्यासारखं. त्यातलं झाड थोडं खातं, जोराचा पाऊस आला की बाकीचं मुळांच्या खाली वाहून जातं. चहाची खाणारी मुळं बरीचशी वरच्या फूटभर मातीत असतात, तिथून निसटलेलं नत्र ओढ्यात गेलंच समजा. जपानमध्ये हिरव्या चहाला गोडसर चव यावी म्हणून एके काळी काही बागांत हेक्टरी हजार किलोच्या घरात नत्र टाकायचे. माती इतकी आम्ल झाली की चहालाही सोसेना, आणि आसपासच्या पाण्यात नायट्रेट उतरलं. नंतर मात्रा कमी करताना तिथे जे मार्ग काढले त्यांत झुडपांखाली ठिबक टाकून पातळ खत देणं हाही होता.

दुसरी गोष्ट, १९:१९:१९ चहाला का जुळत नाही. त्यात नत्र, स्फुरद, पालाश समान. चहाला स्फुरद लागतो नत्राच्या एक पंचमांशाच्या आसपास. जास्तीचा स्फुरद मातीत लोहाला धरून बसतो, म्हणजे आधीच लोहाला तरसलेल्या रोपाचा घास आणखी लांब जातो. वहिनींनी औषध म्हणून जे दिलं ते दुखण्याला मदतच करत होतं. दुकानदाराला दोष देत नाही, समोर ‘चहा’ म्हणणारं गिऱ्हाईक त्याला आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं असेल.

नत्र कोणतं, हा मुद्दा मात्र सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि इथे माझाही हात अडखळला. द्राक्षवाल्याच्या हाताला सवय कॅल्शियम नायट्रेटची आणि ‘तेरा झिरो पंचेचाळीस’ची, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटची. मी वहिनींकडे जाताना तेराचीच पुडी खिशात घालून गेलो होतो, जिन्यात आठवलं आणि परत फिरलो. दोन्हींत नत्र नायट्रेटच्या रूपात आहे. चहा अमोनियमच्या रूपातलं नत्र जास्त आवडीने घेतो. आणि कॅल्शियम नायट्रेटमधलं कॅल्शियम म्हणजे आणखी एक चुनेवाला.

अमोनियम घेताना मूळ एक मोबदला देतं. अमोनियमवर धन भार असतो, तो आत घेतला की तोल राखायला मूळ हायड्रोजन बाहेर सोडतं आणि मुळाभोवतीची माती आम्ल होते. जे अमोनियम झाड घेत नाही त्याचं जिवाणू नायट्रेट करतात, त्यातही आम्ल सुटतं. नायट्रेट शोषताना उलट घडतं, मुळाभोवतीचा सामू चढतो. म्हणजे एकच ‘नत्र’, पण एक रूप चुना मारतं आणि दुसरं चुन्याच्या बाजूने उभं राहतं.

अमोनियम सल्फेट यात सगळ्यांत तिखट. त्यात २१ टक्के नत्र आणि वर गंधक. एक किलो अमोनियम सल्फेट साधारण १.१ किलो चुना मोडतं. आता मघाचं गणित पुढे नेऊ. बोअरच्या पाण्यातून आलेला १०८ ग्रॅम चुना मोडायला लागेल ९८ ग्रॅम अमोनियम सल्फेट, म्हणजे २० ग्रॅम नत्र. पण कुंडीतल्या दोन-तीन वर्षांच्या रोपाला वर्षाला पाचेक ग्रॅम नत्र पुरतं. चुना मारायच्या नादात चौपट खत घातलं तर क्षारांनी मुळं जळतील. म्हणजे बोअरच्या पाण्यावर हे भांडण खताने जिंकता येत नाही.

पण मऊ पाणी घ्या, अल्कलिनिटी समजा ५०. वर्षाचा चुना १८ ग्रॅम. पाच ग्रॅम नत्रासाठी जे वीस-बावीस ग्रॅम अमोनियम सल्फेट आपण देणारच आहोत, ते वीस-पंचवीस ग्रॅम चुना मोडतं. हिशोब बसला. वेगळं ॲसिड नको, गंधक नको, रोजचं खतच सामू सांभाळतं. मी हे आकडे वहिनींच्या दूधवाल्याच्या वहीत मागच्या पानावर मांडले तेव्हा त्यांना पटलं आणि त्याच दिवशी गॅलरीतला नळ बंद झाला.

(युरिया? चालतो. त्यात ४६ टक्के नत्र, स्वस्त, पाण्यात चटकन विरघळतो. मातीत आधी अमोनियम होतो, त्या टप्प्यावर सामू थोडा चढतो, मग उतरतो. बऱ्याच चहाच्या मळ्यांत युरियाच वापरतात. पण त्यांची माती मुळातच आम्ल असते.)

बाटलीतलं खत

वहिनींना मी जे करून दिलं ते असं. एक लिटरच्या बाटलीत ५० ग्रॅम अमोनियम सल्फेट, १० ग्रॅम ‘झिरो झिरो पन्नास’ म्हणजे पोटॅशियम सल्फेट, आणि ४ ग्रॅम ‘बारा एकसष्ट’ म्हणजे मोनो अमोनियम फॉस्फेट. झिरो झिरो पन्नास आळशी आहे, सावकाश विरघळतं, म्हणून कोमट पाण्यात आधी तेच घालायचं. दर आठवड्याला एका रोपाला यातलं १५ मिलिलिटर, दोन लिटर मऊ पाण्यात मिसळून. एवढंच. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मापाचं झाकण उपयोगी पडतं, फक्त ते परत औषधाच्या कपाटात जाऊ देऊ नका.

मॅग्नेशियम सल्फेट द्यायचं तर वेगळ्या दिवशी. दाट द्रावणात स्फुरद आणि कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम एकत्र आले की गाळ बसायचा धोका. तो एकदा ड्रीपरमध्ये बसला की सुईने टोकरत बसा. एका द्राक्षबागेत मी स्वतः घाईत एकाच टाकीत बारा एकसष्ट आणि कॅल्शियम नायट्रेट ओतलं होतं. टाकीत ताकासारखं पांढरं झालं आणि तीन एकरांच्या लॅटरल, म्हणजे ओळींतल्या नळ्या, दुसऱ्या दिवशी ॲसिडने धुवाव्या लागल्या. तेव्हापासून कुठलीही दोन खतं टाकीत जाण्याआधी काचेच्या ग्लासात, शेतातल्याच पाण्यात मिसळून तासभर ठेवतो. गढूळ झालं तर विचार रद्द.

लोहासाठी चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रेणूने हातात धरून ठेवलेलं लोह. त्याचे दोन प्रकार बाजारात दिसतात. ईडीटीए स्वस्त, पण सामू साडेसहाच्या वर गेला की लोह हातातून सोडतो. ईडीडीएचए महाग, चुनखडीतही टिकतो, आणि पाणी गडद लाल करतो. वहिनींच्या कामवाल्या मावशींनी ते लाल पाणी बघून कुंडीत कुणी पान थुंकलं की काय म्हणून आरडाओरडा केला होता.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा चार कुंड्यांना ठिबक कशाला, तांब्याने घाला. खरं आहे, तांब्या चालतो. गॅलरीतल्या संचात टाकी नळ्यांपेक्षा जेमतेम मीटरभर वर असते, म्हणजे दाब चौरस सेंटिमीटरला ०.१ किलो. तिथे व्हेंचुरी चालतच नाही, तिला पुढे-मागे दाबाचा चांगला फरक लागतो. म्हणून खत टाकीतच मिसळायचं आणि टाकी पूर्ण रिकामी होऊ द्यायची. ठिबकचा खरा फायदा इतकाच की पाणी सावकाश मुरतं, एका बाजूने धो धो वाहून बुडाच्या भोकातून निघून जात नाही.

डोंगरउतारावर

खऱ्या बागेत गोष्ट वेगळी. तिथे ठिबकमधून खत देणं सगळीकडे लागतंच असं नाही. वर्षभर पुरेसा पाऊस पडणाऱ्या बागेत पाइप अंथरायचा खर्च कोण करेल? हा प्रकार रुजला तो लांब कोरडा हंगाम असलेल्या भागांत. दक्षिण टांझानियात मुफिंडीकडे वर्षातले पाच-सहा महिने पाऊस जवळपास नसतो. तिथल्या न्ग्वाझी संशोधन केंद्रात पाणी आणि नत्र वेगवेगळ्या मात्रांत देऊन वर्षानुवर्षं प्रयोग झाले. त्यातून स्पष्ट झालं की पाण्याशिवाय जास्तीचं नत्र झाडाला वापरताच येत नाही, आणि पाणी मिळालं की तेच नत्र उत्पन्न देतं. आपल्याकडे दक्षिणेत जानेवारी ते मार्चची ओढ, आसामात हिवाळ्यातली. तिथे हा विषय निघतो. आसामात जोरहाटला टोकलाईचं संशोधन केंद्र १९११ पासून आहे, दक्षिणेत उपासीचं, म्हणजे तिथल्या मळेवाल्यांच्या संघटनेचं, केंद्र वालपारईला.

मळ्यात तुषार सिंचनही असतं. मग त्यातूनच खत का नाही फवारायचं? कारण इथे पीक म्हणजेच पान. क्षार पानावर सुकले की कडा करपतात. आणि चहाच्या कारखान्यात पानं धुवत नाहीत. खुडली की सुकवणं, चुरणं, आंबवणं, भाजणं. जे पानावर होतं ते थेट डब्यात.

मला डोंगरउतारावरचा एक पेच फार आवडतो, कारण तो पुरंदरच्या टेकाडांवरच्या बागांत अगदी तसाच भेटायचा. दहा मीटर उतार म्हणजे एक किलो दाब. वरच्या ओळीत दाब १ किलो असेल तर दहा मीटर खालच्या ओळीत २ किलो. साध्या ड्रीपरमधून दुप्पट दाबाला पाणी दुप्पट येत नाही, पण ४० टक्के जास्त येतं. नुसतं पाणी असतं तर एक वेळ ठीक. पण पाण्यात खत असल्यावर खालच्या झाडाला खतही ४० टक्के जास्त. वरचं उपाशी, खालचं अजीर्ण. त्यात पंप बंद केला की पाइपात उरलेलं सगळं पाणी खाली उतरतं आणि शेवटच्या दोन झाडांच्या ड्रीपरमधून गळत राहतं. म्हणजे त्यांना दुसरा हप्ता. म्हणून उतारावर दाब सांभाळणारे आणि पंप बंद झाल्यावर आपोआप मिटणारे ड्रीपर घ्यावे लागतात. पाणी सारखं पडलं नाही तर खत सारखं पडायचा प्रश्नच नाही, आणि हे कुठल्याही महागड्या विद्राव्य खताने भरून निघत नाही.

क्रमही ठरलेला. आधी साधं पाणी, दाब स्थिर होईपर्यंत. मग खत. शेवटी पुन्हा साधं पाणी, नाहीतर खत पाइपातच राहतं, उन्हात तापतं आणि शेवाळाला जेवण होतं. शेवटचं पाणी किती वेळ? पुस्तकात वीस-तीस मिनिटं लिहितात. मी ते लाल लोह टाकीत टाकायचो आणि सगळ्यात लांबच्या ड्रीपरखाली पांढरी वाटी धरून बसायचो. वाटीत लाल थेंब पडेपर्यंत जेवढा वेळ गेला, त्याहून थोडा जास्त वेळ शेवटचं पाणी. एकदा एका बागेत पाऊण तास लागला होता. मालक वीस मिनिटांत बंद करत आलेला, दोन वर्षं.

पुण्याचा एप्रिल

एक गोष्ट मी वहिनींना आधीच सांगून टाकली की एप्रिल-मे मध्ये कितीही काळजी घेतली तरी ही रोपं रुसणार. मुळाशी पाणी असलं तरी हवेची तहान वेगळी. हवा पानातून किती जोराने पाणी ओढते ते किलोपास्कलमध्ये मोजतात. साधारण २.३ च्या वर ही ओढ गेली की चहाचे कोंब वाढायचे मंदावतात, माती ओली असली तरी. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ३८ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ती ओढ जाते ५.३ वर. झाड पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटून घेतं आणि गप्प बसतं.

अशा वेळी लोक घाबरून खत वाढवतात. झाड पाणी पीत नाही, मातीवरून मात्र वाफ होत राहते. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. म्हणून एप्रिल-मे मध्ये खत बंद, ५० टक्क्यांची हिरवी जाळी, आणि महिन्यातून एकदा बुडातून निथळेल एवढं साधं मऊ पाणी. डिसेंबर-जानेवारीतही बंद, पुण्याच्या रात्री १० अंशांवर उतरल्या की चहा तसाही झोपलेला असतो. उरले जूनच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचे आठवडे आणि फेब्रुवारी-मार्च, मिळून तीसेक आठवडे. मुसळधार पावसाच्या आठवड्यात खत टाळून उघडीप मिळाली की द्यायचं. हिवाळ्यानंतर अचानक पहिला वळीव आला तर कुंडीच्या काठाला जमलेले क्षार मुळांकडे ढकलले जातात. द्राक्षवाले अशा पावसात मुद्दाम ठिबक चालू ठेवतात, तसंच इथे एक बादली जास्त पाणी घालून ते पार बाहेर काढायचे.

वहिनींच्या तीन कुंड्या सुधारल्या. पाणी बदलल्यावर जुनी पिवळी पानं तशीच राहिली, ती हिरवी होत नाहीत, पण सहा आठवड्यांनी आलेला फुटवा स्वच्छ हिरवा होता. ऑगस्टमध्ये त्यांनी दोन पानं एक कळी असे बावीस कोंब खुडले, कढईत परतले, हाताने चोळले आणि वाळवून आम्हा दोघांना पाजले. कप अर्धाच भरला. आमच्या हिने प्रामाणिकपणे विचारलं, ‘यात दूध कधी घालायचं?’

चौथ्या कुंडीत, जिथे काळी माती होती, तिथे मी गंधकाचं गणित करून पाहिलं. तो मातीचा गोळा लिंबू टाकताच उसळला होता. पाच टक्के चुनखड धरली तर १५ किलो मातीत पाऊण किलो चुना, आणि तो मोडायला पाव किलोच्या आसपास गंधक, तेही जिवाणूंच्या मर्जीने महिनोन्महिने. रोप एवढं थांबलं नाही. त्या कुंडीत आता पुरंदरहून आणलेलं अंजिराचं कलम आहे. त्याला बोअरचं पाणी देतात. अंजिराला चुन्याचं वावडं नाही.